शाळेजवळचा अर्धा बोअर

सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा देवजी आधी नाशकाकडे बोअरच्या गाडीवर पाइप उचलायला लागला आणि पाच-सहा वर्षांत मशीन चालवायला शिकला. नुसत्या आवाजावरून खाली कसला दगड लागलाय ते तो सांगायचा. म्हणून २०११च्या दिवाळीनंतर ठेकेदाराला दक्षिण सुदानला, तिथल्या सरकारसाठी बोअर मारायला माणसं पाठवायची होती, तेव्हा पहिलं नाव त्याचंच निघालं. तो देश तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा होता.

"देश पण नवा होतो?" त्याच्या बायकोने, मालूने विचारलं.

"होतो म्हणं," देवजी म्हणाला.

राजधानी जुबापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तळ पडला. लोक खुशीत होते. बोअरला पाणी लागलं की बायका नाचायच्या. दहावा बोअर एका शाळेजवळ सुरू झाला आणि एकशेचाळीस फुटांवर दगड फोडणारा हॅमरच फुटला. नवा मागवला, तो आलाच नाही.

तळाचा मॅनेजर हेमंत नाशिकचा होता. तो म्हणाला, "माल उत्तरेच्या सुदानात अडकलाय. त्या देशावर अमेरिकेचे निर्बंध आहेत. कागदावर त्यांचं नाव दिसलं की बँक व्यवहार थांबवते."

"पण आपण त्यांच्यात नाही ना?"

"आपण नाही. पण ह्यांचं पीठमीठ तिथूनच येतं, आणि ह्यांचं तेल त्यांच्याच पाइपातून बंदराला जातं. तेल घेणारा बिचकतो. तेल विकलं नाही तर सरकार आपल्याला काय देणार?"

देवजीला पाड्यावरचे दोन भाऊ आठवले. धाकट्याने घर वेगळं बांधलं, पण त्याची वाट थोरल्याच्या अंगणातून होती. गावाने थोरल्याशी बोलणं टाकलं, तेव्हा धाकट्याकडेही कुणी जाईना.

त्यातच पाइपच्या भाड्यावरून दोन्ही देशांचं बिनसलं आणि तेल पूर्ण बंद झालं. बाजारातून आधी कांदा गेला, मग पीठ, मग डिझेल. तळावरचा स्वयंपाकी मलुआल तिथलाच, थोडी हिंदी शिकलेला. तो दोन्ही वेळ ज्वारीची लापशी करू लागला. "आज भी यही," एवढंच म्हणायचा.

बायका पिवळे डबे घेऊन बोअरजवळ येत राहिल्या. पहिले काही दिवस हसून काहीतरी विचारायच्या, पुढे नुसत्या बसायच्या. देवजी त्यांच्याकडे बघेनासा झाला. सकाळी गाडीला ग्रीस लावायचा, धूळ पुसायचा, लापशी खायचा, पडून राहायचा. घरी मालूला, आईला फोनवर सांगण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

मार्चमध्ये मालूचाच फोन आला.

"आई गेली."

"कधी?"

"काल. तुझी वाट बघण्यात अर्थ नव्हता. भावकीने उचलली."

त्याने विचारलं, "आंघोळीला पाणी होतं का?"

"होतं. टँकर आला होता."

"बरं."

फोन ठेवून तो परत गाडीकडे गेला आणि राहिलेल्या बाजूला ग्रीस लावलं. मलुआलने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. मलुआल त्याच्याजवळ बसला. देवजीला रडू आलं नाही, येईल असंही वाटलं नाही.

मे महिन्यात काम रद्द झालं. गाडी तिथेच सोडायची ठरली. निघायच्या दिवशी देवजीने पोरं पडू नयेत म्हणून बोअरच्या तोंडावर पत्रा वेल्डिंग करून घेतला. एक म्हातारी जवळ येऊन काही बोलली.

"पूछती है, वापस कब?" मलुआल म्हणाला.

"मालूम नहीं," देवजी म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

घरी आला तेव्हा आईचे दिवस होऊन दोन महिने झाले होते. मालूने तिची घोंगडी धुऊन ठेवली होती. तो तीच घोंगडी पांघरून झोपला, आणि दुसऱ्या दिवशी नांगराचं बघायला गेला.

आता तो परत नाशकाकडे बोअरच्या गाडीवर आहे. मध्यंतरी ठेकेदाराने पुन्हा विचारलं, आफ्रिकेतच, दुसरा देश. मालू म्हणाली, "जायचं तर जा." पासपोर्टची मुदत संपत आली होती. देवजीने तो बाहेर काढला, त्यातले शिक्के बघितले आणि रेशनकार्डाखाली ठेवून दिला. नवा करायला तो गेलाच नाही.