येलदरीच्या काठी सिंगल बेल

माझ्या वडिलांच्या हातून आयुष्यात एकच अपघात झाला, आणि तोही सायकलवर, अशा रस्त्यावर, जिथं आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. चूक माझी होती.

अण्णा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. जिंतूर-परभणी, जिंतूर-गंगाखेड, वाटेतले सगळे खड्डे तोंडपाठ. एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आमच्या देवघरात असायचा (त्याच्यासाठी गणपतीला जरा बाजूला सरकावं लागलं होतं). घरातही शिस्त एसटीचीच. कंडक्टरनं एकदा घंटी मारली की थांबायचं, दोनदा मारली की निघायचं. घरची कंडक्टर आई. अण्णा ड्युटीला निघाले की ती दाराच्या कडीवर दोनदा टकटक करायची, मगच त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं. रिटायर झाल्यावर कोथिंबीर आणायला निघाले तरी डबल बेल! आम्ही हसून लोळायचो.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि चारच दिवसांनी आई गेली. हार्ट अटॅक. अण्णा त्या दिवशी गंगाखेडला एका जुन्या दोस्ताला भेटायला गेले होते. संध्याकाळी परत आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तेव्हापासून अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. रडले नाहीत, फारसे बोलले नाहीत. मी म्हणायचो, "अण्णा, चौकातून एक चक्कर मारून या." ते उठायचे, चपला घालायचे, दारात उभे राहायचे. बराच वेळ उभे राहायचे. मग मागं फिरून चपला काढायचे. आम्हाला वाटायचं, कुठं निघालो तेच विसरतात. डॉक्टरांनी विसरण्यावरच्या गोळ्याही दिल्या. सात महिने हे चाललं आणि तहसील कचेरीतला हा शहाणा कारकून, म्हणजे मी, रोज ते बघत होता.

शेवटी मला एक आयडिया सुचली. (माझ्या आयडिया निघाल्या की बायको आधी प्रथमोपचाराची पेटी शोधते.) अण्णा पूर्वी नेहमी म्हणायचे, "येलदरी धरणाच्या काठानं रानातून एक रस्ता हाय, बघ. ना ट्रक, ना ट्रॅक्टर, ना हॉर्न. एकदा त्या रस्त्यावर गाडी घालायचीय." एसटी काही तिथं जात नाही. पण सायकल जाईल की!

परभणीच्या दुकानदारानं दोन जाड टायरच्या सायकली पुढं केल्या. "सायेब, ही ग्रॅव्हल बाईक. खडी म्हना, मुरूम म्हना, खड्डे म्हना, कुटंबी चालती."

"आमच्याकडं सगळेच रस्ते तसे हायत. मग साधी काय वाईट हाय?"

"साधीला स्टँड आन् घंटी फुकट येती, सायेब. हिला वायली बसवावी लागती."

मी दोन्ही सायकलींना स्टँड आणि घंट्या बसवून घेतल्या. घरी बायको म्हणाली, "एक अण्णांची. दुसरी कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

ती भिंतीला टेकून हसली. माझं वजन चौऱ्याण्णव किलो आहे आणि मी सायकलवर शेवटचा बसलो तो दहावीत.

रविवारी पहाटे मी अण्णांना दंडाला धरूनच बाहेर काढलं, टेम्पोत बसवलं, सायकली मागं टाकल्या आणि धरणापाशी उतरलो. ऊन नुकतंच वर आलं होतं. डाव्या हाताला टेकड्या, त्यांच्यावर पानं गळालेला साग आणि मधूनमधून लाल पेटलेला पळस. उजव्या हाताला लांबच लांब पाणी. मधून मुरमाचा लाल रस्ता. अण्णांनी आधी दोन्ही टायर दाबून पाहिले, ब्रेक तपासले, मग सायकलवर टांग टाकली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि समोर बघत थांबले.

"चला अण्णा."

अण्णांचा टेकलेला पाय जमिनीवरून हलला नाही.

"अण्णा, कामून थांबलाव? रस्ता मोकळा हाय!"

अण्णा समोरच बघत होते. पाच मिनिटं गेली. मी कंटाळून माझ्या घंटीशी चाळा करत होतो. ट्रिंग ट्रिंग.

आणि अण्णा निघाले!

मी तिथंच उभा राहिलो. सात महिने हा माणूस रोज दारात जाऊन थांबत होता. कडी वाजायची वाट बघत होता. आणि आम्ही त्याला गोळ्या चारत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले, आणि तोवर अण्णा पहिलं वळण ओलांडून गेलेसुद्धा.

त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. अण्णा पुढं, मी मागं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं, तरी प्रत्येक वळणाला अण्णा हात दाखवत होते. एका मोराला त्यांनी साईड दिली. चढावर मी धापा टाकत मागं पडलो की ते वळून ओरडायचे, "मागं सरका म्हनावं पाशिंजर, लोड लय झालाय!" अण्णा चक्क थट्टा करत होते. आई गेल्यावर पहिल्यांदा.

मग उतार आला.

चढावर चौऱ्याण्णव किलो नुसते जड असतात. उतारावर त्यांना घाई सुटते. माझी सायकल पळायला लागली. कुठला ब्रेक पुढचा, कुठला मागचा, हे दुकानदारानं सांगितलं होतं. तेव्हा मी मान डोलावली होती. अण्णा पुढं पन्नास पावलांवर. ते बाजूला व्हावेत म्हणून मी घंटीवर अंगठा मारला. खूप वेळा मारणार होतो. पण सायकल उडाली, अंगठा निसटला आणि घंटी एकदाच वाजली.

ट्रिंग.

अण्णांनी डावा हात दाखवला. सायकल रस्त्याच्या कडेला घेतली. कुणी म्हातारी उतरणार असावी इतक्या बेतानं ब्रेक दाबला आणि पाय टेकून उभे राहिले.

"अण्णाऽऽ! चालू ऱ्हा!"

धाड! मी, दोन सायकली आणि अण्णा असे चौघं काठाच्या चिखलात गेलो. पलीकडं एक मासेमार जाळं नीट करत बसला होता, तो धावत आला. माझा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळला होता.

"आवं काका," तो म्हणाला, "एवढा रस्ता रिकामा आस्ताना तुमाला एकमेकालाच धडकायचं व्हतं का?"

अण्णांना खरचटलंही नव्हतं. ते चिखलात बसून माझ्याकडं बघत होते.

"सिंगल कामून मारली रं?"

"चुकून वाजली, अण्णा."

"तुज्या आईनं मला कवाच सिंगल मारली न्हाई." ते हातावरचा चिखल पुसत होते. "त्या दिशी सकाळी छातीत दुखायलंय म्हनली. मी म्हनलो, न्हाई जात मंग. तर म्हनली, आता बरं वाटायलंय, जावा तुमी. आन् डबल मारली. एक सिंगल मारली आस्ती, तर थांबलो नसतो का मी?"

आणि अण्णा रडायला लागले. सात महिन्यांचं सगळं एकदम. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी मोडलेला हात छातीशी धरून चिखलातून सरकत त्यांच्याजवळ गेलो आणि दुसऱ्या हातानं त्यांना धरलं. आम्ही दोघंही लहान पोरांसारखे रडलो. तो मासेमार बिचारा मला म्हणत राहिला, "लय दुखायलंय का, काका? लय दुखायलंय का?"

दवाखान्यात माझ्या हाताला प्लास्टर चढत होतं तेव्हा अण्णांनी नर्सकडून कागद मागून घेतला आणि सवयीप्रमाणं रीतसर अपघात रिपोर्ट लिहिला. वेळ, ठिकाण, रस्त्याची अवस्था, सगळं. खाली एक ओळ : 'अपघाताचे कारण – कंडक्टर नवीन.' घरी आल्यावर बिल्ला देवघरातून उतरवून त्यांनी स्वतः कपाटात ठेवला. गणपती पुन्हा मधोमध आले.

आता अण्णा रोज सकाळी सायकल काढतात. टेम्पो-बिम्पो काही नाही, गावाबाहेरच्या मुरमाच्या वाटेनं तासभर फिरून येतात. दारात थांबतात, मी कडीपाशी जातो. पण आधी ते माझ्या तोंडाकडं निरखून बघतात.

"काई दुखायलंय का? खरं सांग. मंगच मार."

प्लास्टर होतं तोवर मी खरं सांगायचो, "हात दुखायलाय." मग ते सायकल स्टँडला लावायचे, स्वतः चहा टाकायचे आणि माझ्याशेजारी बसून आईच्या गोष्टी सांगायचे. प्लास्टर निघून आता तीन महिने झाले. हात अगदी ठणठणीत आहे. तरीही दर रविवारी मी कडी एकदाच वाजवतो आणि तोंड वाकडं करून सांगतो, "अण्णा, दुखायलंय."

कंडक्टर अजून नवीनच आहे.