दोन सीटची कयाक

बाबांनी परतीचं तिकीट काढलं ते मला न विचारता. तमिळचं एक अक्षर येत नसताना ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, खाणाखुणा करून तिकीट काढून आणलं आणि जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पंधरा दिवसांनंतरचं होतं.

"इथे खाडी नाही," एवढंच म्हणाले.

बाबा कोकणात खाडीकाठच्या एका गावी पोस्टमास्तर होते. पोस्ट बंद करून रोज संध्याकाळी होडी घेऊन गळानं मासे गरवायला जायचे, निवृत्तीनंतर तर सकाळीही. आई गेल्यावर तिथे एकटेच राहिले, आणि सहा-सात महिन्यांत होडीतच चक्कर येऊन पडले. ओहोटीबरोबर होडी वाहत चालली होती, पलीकडच्या काठावरच्या कुणीतरी ती ओढून आणली. फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. पुढच्याच आठवड्यात मी त्यांना चेन्नईला घेऊन आलो. उचलूनच आणलं म्हणा ना.

आमच्या नुंगंबाक्कमच्या फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत. बाबा सकाळपासून एकीतून दुसरीत येरझाऱ्या घालायचे. मी ऑफिसातून फोन करून बायकोला विचारायचो, "काय करतायत?" ती म्हणायची, "मागच्या बाल्कनीत आहेत." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. तीही वैतागायची.

खाडी नाही कशी? चेन्नईजवळच्या कोवलमला आहे की. म्हटलं, मासेमारीची कयाक घेऊ, वल्ह्यानं चालवायची हलकी प्लास्टिकची होडी. मग माझ्याच पायाला भिंगरी लागली. वर बसून चालवायची की आतल्या पोकळीत शिरून, गळ अडकवायला जागा किती, वजन किती, आपल्या छोट्या गाडीच्या टपावर मावेल का. लंच टाइममध्ये मी पार्किंगमध्ये टेप घेऊन टप मोजत होतो. शेवटी दोन उरल्या. एका सीटची, चोवीस किलोंची. आणि दोन सीटची, छत्तीस किलोंची.

मी दोन सीटची निवडली. सगळ्यांना सांगितलं, ती स्थिर असते. खरं कारण वेगळं होतं. ती बाबांना एकट्यानं उचलता येणार नव्हती. माझ्याशिवाय ती पाण्यात जाणारच नव्हती.

"हे त्यांच्यासाठी घेतोयस की तुझ्यासाठी?" बायकोनं विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही तिरुवान्मियूरपुढच्या कयाकच्या गोदामात हजर झालो. उन्हं चढायच्या आत कोवलम गाठायचं असं माझं गणित होतं. गोदामाच्या मालकानं चहा मागवला, खुर्च्या दिल्या, पण कयाकला हात लावेना. राहुकाळ लागला होता. साडेदहापर्यंत नवी वस्तू दाराबाहेर जाणार नाही, असं तो अगदी नम्रपणे आणि अगदी ठामपणे म्हणाला. आठ वर्षं चेन्नईत राहून शनिवारचा राहुकाळ कधी असतो हे मला माहीत नसावं, याचं त्याला जास्त आश्चर्य वाटलं. मी घड्याळ बघत, चरफडत दारात फेऱ्या मारू लागलो.

बाबा मात्र मजेत होते. एका सीटची पिवळी कयाक जमिनीवर होती, तिच्यात ते सरळ जाऊन बसले. वल्हं मांडीवर घेतलं. मग उतरून तिचं एक टोक उचललं, मग मधोमध धरून अख्खी कयाक कमरेपर्यंत.

"ही उचलवते रे मला!" किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला.

"दोनची जास्त स्थिर असते, बाबा."

त्यांनी ती खाली ठेवली. हात झटकले.

साडेदहाला दोन सीटची कयाक टपावर चढली. खाली फोमचे ठोकळे, वरून दोन पट्टे. "दोरी आण, मी बांधतो," बाबा म्हणाले. मी हसलो. मी सीटबेल्टच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. माणूस जागचा हलू नये, हेच माझं पोटापाण्याचं काम. पट्टा किती ओढायचा हे मला दुसऱ्यानं सांगायचं? मी पट्टा आवळायच्या रॅचेटचा दांडा खालीवर करत सुटलो आणि हात भरून आल्यावरच थांबलो.

ईसीआरला, म्हणजे किनाऱ्याकडेच्या हमरस्त्याला, लागलो आणि पट्टे घूं घूं करायला लागले. मला वाटलं, सैल झाले. गाडी बाजूला घेतली, आवळले. पुन्हा आवाज. पुन्हा आवळले. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा बाबाही उतरले, एक पट्टा सोडून त्याला नुसता एक पीळ दिला आणि परत अडकवला. त्या बाजूचा आवाज बंद.

"वारा लागतो म्हणून वाजतो तो. किती आवळशील?"

त्यावर मी तो पट्टा पुन्हा दोन दाते आवळला. ऊन असं होतं की टपाला हात लावता येत नव्हता.

कोवलमच्या खाडीकाठी कयाक उतरवली आणि मी कपाळाला हात लावला. जिथे जिथे ठोकळे होते तिथे तिथे तिचा तळ आत गेला होता. दोन मोठे खड्डे, एकेकात परात बसेल एवढे. उन्हानं प्लास्टिक मऊ झालं आणि मी वरून आवळत राहिलो. कारखान्यात पट्ट्याखाली लोखंडाची सीट असते, ती दबत नाही. हा एवढाच फरक माझ्या डोक्यात आला नव्हता.

जाळं दुरुस्त करत बसलेला एक म्हातारासा कोळी उठून आला. खड्ड्यांवरून हात फिरवून हसला. "रोंब इरुक्कीटींगा सार. वेय्यिल्ल कवुत्तु पोडुंग, तानावे वंदिडुम."

"काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"फार आवळलंत म्हणतो. उन्हात पालथी घाला, आपोआप वर येईल."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दोघंही हसले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण माझ्यावर हसायला तिची गरज पडली नाही.

कयाक पालथी घालून आम्ही एका होडीच्या सावलीत बसलो. मी दर दोन मिनिटांनी उठून खड्डे बघत होतो.

"बस रे," बाबा म्हणाले. मग तळाकडे बघतच म्हणाले, "दोनची का घेतलीस ते मला कळत नाही होय?"

मी बसलो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला भीती वाटते, बाबा. तो फोन आला ना, तेव्हापासून रोज वाटते. तुम्ही परत गेलात तर मी इथे नीट जगूच शकणार नाही."

"त्या दिवशी मी होडीमुळे नाही पडलो."

"मग?"

"तुझी आई गेल्यापासून दुपारचं जेवतच नव्हतो. त्या वेळी तर दोन दिवस पोटात काहीच नव्हतं. एकट्यापुरता भात काय लावायचा, असं व्हायचं. तू आलास, डॉक्टर केलेस, होडी विकून टाकलीस. जेवलात का, असं एकदाही विचारलं नाहीस."

रोज दहादा फोन करायचो, ते काय करतायत म्हणून. मी गाडीतून डबा आणला. बाबा तीन पोळ्या जेवले, चौथीतली अर्धी त्या कोळ्याला दिली. मी मोजत होतो आणि ते बघत होते की मी मोजतोय.

तासाभरानं खड्डे जवळजवळ भरले. एका जागी हात लावला तर थोडा खोलगटपणा लागतो, तो अजून आहे.

कयाक उचलायला मी पुढे झालो. तेवढ्यात बाबांनी एक टोक धरलं, कोळ्याला नुसती मान हलवली, त्यानं दुसरं धरलं, आणि दोघांनी ती चार ढांगांत पाण्यात नेली. छत्तीस किलो. माझं सगळं गणित तिथंच संपलं. त्यात शेजारचा माणूस धरलेलाच नव्हता.

मी बाबांना लाइफ जॅकेट चढवलं. पट्टा सवयीनं ओढला. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थोडा सोडला. मागची सीट रिकामी होती. माझा एक पाय पाण्यात गेलाही होता.

"येऊ?"

"नको," बाबा म्हणाले, आणि निघाले.

ते आधी काठाकाठानं गेले, मग मधोमध. मी वाळूत फेऱ्या मारत होतो. त्यांचं पिवळं जॅकेट कुठे जातंय त्यावरून माझी नजर हलत नव्हती. खूप वेळानं ते वळले, वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि तिथूनच ओरडले.

"त्याला विचार रे! आपल्या घराकडून इथे कुठली बस येते?"

म्हणजे ते राहणार होते. आणि माझ्याशिवाय येणार होते. मला एकदम रडू आलं. मी डोळे पुसले आणि कोळ्याकडे जाऊन बस विचारली, कयाक त्याच्याकडे ठेवता येईल का तेही.