न घेणाऱ्यांना फोन

समजा, रविवारी सकाळी तुमच्यासमोर चोवीस नावांची यादी आहे. या सगळ्यांनी तुमच्या मासिकाचा आधीचा अंक घेतला होता, किंवा घेतो म्हणाले होते. पुढच्या अंकासाठी मात्र कोणी नाव नोंदवलेलं नाही. तुम्ही एकेकाला फोन करायचा आणि विचारायचं, का घेत नाही? करून बघा. पहिल्या रिंगलाच वाटायला लागतं, समोरच्याने उचलू नये.

दिवाळे गावची रुतिका कोळी हेच करत होती. एरवी ती एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. कॉलेजात तिला एका खेळाचा नाद लागला. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडचण आली की पुढे काय होणार ते फासा टाकून ठरतं. या खेळाचं मराठी मासिक म्हणून तिने ‘फासे’ काढलं. प्रत्येक अंकात खेळायला तयार अशी एक नवी गोष्ट. तीन अंक निघाले. चौथ्यासाठी पन्नास नावं आली नाहीत तर बंद करायचं, असं मित्रांनी मिळून ठरवलं होतं. आली होती एकोणतीस.

तिची आई कमळी ओट्यावर सुके बोंबील निवडत ऐकत होती. "अगो, मी म्हावऱ्याची पाटी घेऊन बसते. पुढं गेलेल्या बाईला हाक मारून इचारते का, का नाय घेतलंस म्हनून?"

"हे वेगळं आहे गं."

"काय येगलं? तिला लाज वाटते, तुला पन वाटंल."

पहिला फोन ऋषीला. घणसोली गावातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीतच रुतिकाचा ग्रुप दर रविवारी दुपारी खेळायचा.

"अरे यार, आपली सूत्रधार सुचिता, तिने घेतला ना? टेबलाला एक बास. आणि तूच तर बोंबलतेस, गोष्ट वाचू नका, सगळी मजा जाईल! मग न वाचायचं पुस्तक घेऊन मी काय करू, फ्रिजवर ठेवू?"

खरंच होतं. सूत्रधाराला अंक लागतो. खेळणाऱ्याने तो वाचला तर खेळच उरत नाही. स्वतःच्या ग्रुपमधल्या चार गिऱ्हाइकांना तिनेच हाकललं होतं. पुढच्या सात-आठ जणांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

मग नाव आलं, सिताराम भोईर, राहणार शिरवणे. तिन्ही अंक घेतलेले. रुतिकाचं बोट थांबलं. अंकाच्या शेवटच्या पानावर रिकामी जागा राहिली म्हणून तिने एक ओळ टाकली होती, ‘खेळायला टेबल हवंय? आम्हाला कळवा.’ त्यावर मेल पाठवणारा हा एकच माणूस. ‘वय त्रेसष्ट. कारखान्यात फिटर होतो. नियम पाठ आहेत. जागा असल्यास कळवावे.’ प्रत्येक अंकानंतर एक, असे तीन मेल. तिने उत्तर दिलं नव्हतं. पहिल्या मेलचा फोटो मात्र ग्रुपवर टाकला होता, वर लिहून, ‘काकांना राक्षस मारायचाय.’ खूप हसले होते सगळे.

"रुतिका मॅडम? बोला, बोला." आवाजात आनंद होता. त्यानेच तिला कसंतरी झालं. तिने चाचरत प्रश्न विचारला.

"अंक बेस हाय. तक्रार नाय. पन आता घेऊन करू काय? तिन्ही गोष्टी वाचल्या मी. सापला कुठं हाय, फितूर कोन हाय, सगलं पाठ. आता मला खेलायला कोन घेनार?"

ज्यांच्याकडे टेबल होतं ते वाचत नव्हते. ज्याने वाचलं, त्याला तिने टेबल दिलं नव्हतं.

"काका, तुम्ही सूत्रधार व्हा ना. त्याला सगळं माहीतच असावं लागतं. पुढच्या रविवारी दुपारी घणसोलीला याल?"

"हे अंक खपावा म्हनून बोलता का?"

"नाही, नाही," ती पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन.

"बरं. येतो मग."

मेलांबद्दल माफी मागायची राहून गेली. राहून गेली म्हणजे तिने मागितली नाही. ग्रुपवर तिने कळवलं, रविवारी सिताराम काका येणार आहेत. लगेच ऋषीचं उत्तर आलं, ‘राक्षसवाले काका? भारी!’ सोबत चार हसरे चेहरे. मग तिने लिहिलं, ‘तो जोक माझा होता. परत कोणी करू नका.’

उरलेले फोन तिने केले नाहीत. दुपारी नोंदीचं पान उघडलं तर तिसावं नाव होतं, सिताराम भोईर. पन्नासाला वीस कमीच होते, म्हणजे अंक बहुधा निघणारही नव्हता. पण तिची नजर त्या एका नावावरून हलेना. परत फोन करून विचारायची तिची हिंमत झाली नाही, आणि विचारायचं तेवढंच होतं: काकांना चौथा अंक खरंच वाचायचा होता, की रुतिकाने बोलावलं म्हणून त्यांनी तो घेतला होता?