सोनाजीची जागा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली त्याआधीचे आठ दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो, बोलायला वेळ भरपूर होता, आणि तरीही मी औषधाच्या नि हवापाण्याच्याच गोष्टी करत राहिलो. देवापुढे? देवापुढे उभा राहिलो की मी भलतंच काही मागायचो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी कदाचित जमेल. पाहू.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. गोष्ट माझ्या सोळाव्या-सतराव्या वर्षाची. तेव्हा मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेत होतो. कापसाचे दिवस होते ते. ज्या अमेरिकेतल्या लढाईने आमच्या कापसाचा भाव चढवला, ती संपल्याची बातमी आली होती, पण भाव अजून पुरता उतरला नव्हता, आणि बडनेऱ्याच्या वाटेवर गाड्यांमागून गाड्या इतक्या लागत की दोन्ही बाजूंच्या बाभळी कापसाच्या झुपक्यांनी पांढऱ्या दिसायच्या. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा होता त्याने त्यात कापूस टाकला होता. माझ्या वडिलांनी तर ज्वारीचंही रान मोडलं होतं. पण मी वडिलांचं काय सांगतोय? मला सोनाजीचं सांगायचं आहे.

सोनाजी माझ्याच गावचा, अकोल्याहून अकोटाकडे जाताना लागतं त्या गावचा. आम्ही कुणबी, तो माळी. अमरावतीत अंबा दरवाज्याजवळ एका खोलीत आम्ही दोघं राहायचो, हातानं भाकरी करायचो. त्याच्या भाकरी गोल व्हायच्या. माझ्या व्हायच्या नाहीत, आणि त्यावर तो कधी हसला नाही. त्याचे वडील गणूबाबा महानुभाव पंथाचे, उपदेश घेतलेले. मांसमच्छी तर सोडाच, मळ्यातल्या ज्वारीवर पाखरं बसली तर गोफण उचलायचे नाहीत, नुसत्या टाळ्या वाजवायचे. आणि सगळा मुलूख कापसाच्या मागे लागला असताना हा माणूस विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरच्या नि झेंडू करत होता. लोक हसायचे. मीही हसलो होतो, एकदा, सोनाजीसमोर.

त्या वर्षी आमच्या शाळेत एक नवी गोष्ट झाली. वरच्या वर्गातल्या मुलांनी फारसी घ्यायची, नाहीतर पदार्थविज्ञान. फारसी म्हणजे कचेरी. सगळ्यांना ठाऊक असलेली वाट. पदार्थविज्ञान म्हणजे काय, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. पुण्याकडचे एक तरुण मास्तर त्यासाठीच आले होते आणि त्यांची यंत्रं मुंबईहून पेट्यांत भरून रेल्वेने बडनेऱ्याला उतरली होती. यंत्रं थोडी, खोली लहान, म्हणून आठच मुलं घेणार होते. वर्षाअखेर त्या आठांतून एकाची शिफारस पुण्याच्या इंजिनेरीच्या शाळेसाठी होणार, हेही मास्तरांनी सांगितलं होतं.

मला काय हवं होतं, हे खरं सांगू? मला फारसी आवडायची. मौलवीसाहेब माझ्या अक्षराची तारीफ करत. यंत्रांत मला काडीचा रस नव्हता. मग मी पदार्थविज्ञानासाठी नाव का दिलं?

सोनाजीने दिलं होतं म्हणून.

याच्या मागेही एक प्रसंग आहे, तो सांगतो. मास्तर आले त्याच हिवाळ्यात सोनाजीने भर वर्गात उभं राहून विचारलं, विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार का असतं? पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी उष्णता मोजायची पाऱ्याची काचेची नळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, जा, मोजून बघ. सोनाजीने शाळेच्या विहिरीत ती नळी दोरीला बांधून सोडली, पहाटे, दुपारी, संध्याकाळी, असे पंधरा दिवस. गावी गेला तेव्हा बापाच्या विहिरीतही सोडली. मग येऊन त्याने सांगितलं, पाण्याची ऊब जवळजवळ तेवढीच राहते, वरची हवा मात्र बदलते, म्हणून आपल्या हाताला पाणी कधी कोमट लागतं, कधी गार. मास्तर खुर्चीवरून उठले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बराच वेळ. मी दुसऱ्या रांगेतून त्या हाताकडे बघत होतो. माझ्या पाठीवर तसा हात कोणी ठेवला नव्हता — वडिलांनीसुद्धा. ही सबब नाही. त्या दिवशी माझ्या मनात काय शिरलं, ते फक्त सांगतोय.

शिमग्याची सुट्टी लागली. नव्या वर्गात यायचं तर घरच्यांची संमती कागदावर हवी, सही नाहीतर निशाणी. सोनाजी गावी येणार नव्हता. उरलेल्या पेट्या उघडून यंत्रं मांडायला मास्तरांनी त्याला थांबवून घेतलं होतं. त्याने स्वतःचा कागद माझ्याकडे दिला. म्हणाला, "बाबाले नीट समजावून सांगजो. तुह्यावर त्याचा भरोसा आहे."

होता. खरंच होता.

मी गणूबाबांकडे सकाळी गेलो. ते मोटेजवळ बसून बैलाच्या खांद्याला तेल लावत होते. मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी हात पुसून तो दोन्ही हातांनी धरून पाहिला, डोक्याला लावला, मांडीवर ठेवला आणि पुन्हा तेल लावत विचारलं, "दौलत, तू तं संगच शिकतं माह्या पोट्ट्याच्या. तूच सांग बाप्पा, काय शिकवतात थे मास्तर?"

इथे थांबतो जरा. कारण घरून निघताना मी काही ठरवून निघालो नव्हतो — की ठरवलं होतं? पन्नास वर्षांहून अधिक काळ मी हा प्रश्न उलटसुलट करून पाहिला आहे. वाटेत मी दोनदा थांबलो होतो, एवढं आठवतं. ज्याला नुसता निरोप पोचवायचा असतो तो वाटेत थांबतो का?

मास्तरांकडे हवा काढून घ्यायचं एक यंत्र होतं. काचेच्या घुमटाखाली पेटती मेणबत्ती ठेवायची, दांडा हलवून आतली हवा काढायची, की मेणबत्ती विझते. हे त्यांनी आम्हाला एकदा दाखवलं होतं. तेव्हा ते सहज बोलून गेले होते की, विलायतेत कोणी कोणी घुमटाखाली पाखरू ठेवूनही असं पाहिलेलं आहे, पण आपण तसलं काही करायचं नाही, आपल्याला मेणबत्ती पुरे.

मी गणूबाबांना सांगितलं की तिथे काचेखाली चिमणी ठेवतात आणि तिची हवा काढून घेतात.

तेलाचा हात तसाच बैलाच्या खांद्यावर थांबला. "मंग पाखराचं काय होते?"

"मरते."

"पोट्ट्याइले करा लागते का थे?"

या प्रश्नावर मला अजून परत फिरता आलं असतं. नाही, मास्तर करतात, असं म्हटलं असतं तरी कदाचित भागलं असतं. मी म्हणालो, "हाव बाबा. पाळीपाळीनं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात धोतराला पुसले. मग कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "नाही जमत आपल्याले. सोनाजीले म्हणा फारसी घे. पण कावून नाही म्हटलं, थे नको सांगू त्याले. जीव माराची गोष्ट पोराच्या कानावर कायले घालाची?"

म्हणजे बघा, माझं खोटं झाकायची सोयही त्यांनीच करून दिली. वर निघताना पिशवीभर वांगी दिली. ती मी घरी नेली आणि आईने त्यांची भाजी केली. मी दोनदा मागून घेतली.

अमरावतीला आल्यावर सोनाजी दारातच उभा होता. बाबा नाही म्हणाले, एवढंच मी सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणालो, काही बोलले नाहीत. त्या काळी बापाने नाही म्हटलं की मुलगा कारण विचारायला परत जात नसे. सोनाजीही गेला नाही. तो त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मास्तरांना आपलं नाव काढायला सांगितलं. मास्तरांनी मला बोलावून विचारलं, याच्या घरचे का नाही म्हणतात? मी म्हणालो, जुन्या वळणाची माणसं आहेत. मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अडाणी लोक! काय करणार?" आणि मी मान हलवली. गणूबाबांना अडाणी म्हटलं, आणि मी मान हलवली.

सोनाजीने फारसी घेतली. वर्षभर कशीबशी रेटली आणि शाळा सोडून मळ्यात गेला. मी त्या आठांत राहिलो. हुशार नव्हतो, पण पाठांतर चांगलं होतं, आणि ज्याच्याशी तुलना झाली असती तो वर्गात नव्हता. शिफारस माझी झाली. पुण्याहून शिकून आलो, रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर झालो, अकोल्यात सरकारी बंगला मिळाला. लोक मला साहेब म्हणत. मी चाळीस वर्षं भराव मोजले आणि मला एकदाही कशाचं नवल वाटलं नाही. पाणी गार का आणि कोमट का, असलं काही माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ती जागा ज्याची होती त्याच्या डोक्यात रोज आलं असतं.

इथे संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पोरवयात केलेलं पाप, असं म्हणून मी स्वतःला समजावत आलो होतो. पण पुढचं मी मोठेपणी केलं.

मी अकोल्यात असताना एका दुपारी सोनाजी बंगल्यावर आला. भुवया पांढऱ्या झालेल्या, बापाच्या मागे डोकं काढलेलं. गणूबाबा गेले होते. व्हरांड्यात माझे दोन कारकून बसलेले, आत बायको. सोनाजी खुर्चीवर बसायला तयार होईना, पायरीवरच बसला. म्हणाला, "दौलत, बाबानं जाच्या दोन दिवस आंदी मले सांगितलं. म्हणे, थ्या वर्गात पोट्ट्याइच्या हातानं चिमण्या मारत. म्हणून नाही म्हटलं होतं, अन मले सांगू नको असंही त्यानंच तुले म्हटलं होतं. खरं होय का? मी होतो तवा तं मेणबत्तीच ठेवत."

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. संशय नव्हता त्या नजरेत. त्याला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, पाऱ्याची नळी हातात घेऊन विचारावं तसं.

मी म्हणालो, "नव्या वर्गासाठी ठरलं होतं थे. मंग सुरू झालं."

"म्हणजे खरं होतं?"

"हाव."

सोनाजीने उपरणं तोंडाशी धरलं. मग म्हणाला, "इतके वर्सं मी बाबाशी धड बोललो नाही रे. एका मळ्यात राबलो, एका ताटलीत जेवलो, पण मनात हेच, का आपला बाप अडाणी, त्यानं आपल्याले मातीत घातलं. त्याचं तं बराबर होतं." आणि तो रडला, माझ्या पायरीवर बसून. मी पाणी आणवलं.

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की. मुलाच्या मनातली बापाबद्दलची अढी गेली. मीही नंतर स्वतःला असंच सांगत आलो, की मी त्याच्यावर दया केली. पण त्या क्षणी माझ्या मनात ना सोनाजी होता, ना गणूबाबा. मी कारकुनांकडे बघत होतो. आत बायकोच्या बांगड्या वाजत होत्या आणि ती ऐकतेय का, एवढंच मी बघत होतो. खरं सांगितलं असतं तर? त्याला त्याचा बाप खरा कळला असता — भोळा, फसवला गेलेला, आणि तरीही मुलाच्या कानावर जीव मारायची गोष्ट जाऊ नये म्हणून सगळा दोष स्वतःवर घेऊन गप्प राहिलेला. मी त्याला खोटा बाप दिला आणि त्याने त्याच्यासाठी अश्रू ढाळले. आणि मला काही गमवावं लागलं नाही.

त्यानंतर तो दरवर्षी येत राहिला. आम्ही पावसापाण्याच्या, पिकाच्या गोष्टी करायचो. दरवेळी तो गेल्यावर मी ठरवायचो, पुढच्या खेपेला. असं किती वर्षं चाललं ते मोजलं नाही. चार वर्षांपूर्वी सोनाजी गेला. मी मयतीला गेलो, गर्दीत मागे उभा राहिलो, आणि गावातल्या कोणीतरी मला पुढे आणून बसवलं — लहानपणचे दोस्त म्हणून. मी पुढे बसलो.

त्याचा थोरला मुलगा मास्तर आहे, अकोल्यात. अनोळखी माणसासाठी म्हणून लिहायला घेतलं होतं, पण आता मी हा कागद त्याच्याकडेच पाठवतो आहे. सोबत काही लिहिलेलं नाही. त्याच्या आजोबांनी आपल्या मुलाला अडवलं नाही; अडवलं ते माझ्या खोट्याने. त्याच्या बापाची जागा मी घेतली, आणि त्या बापाला ते मीच शेवटपर्यंत कळू दिलं नाही.