सुट्या डाळीचा भाव

फोन आईचा होता. ती म्हणाली, "दुकान बंद केलंय. तू निघ." पप्पांचं नाव तिनं घेतलंच नाही. चौसाळ्यातलं आमचं किराणा दुकान भर दुपारी बंद व्हायला दुसरं कारण असूच शकत नव्हतं, म्हणून मीही काही विचारलं नाही. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलीला फक्त 'घरी जातेय' एवढं सांगितलं आणि पुण्याहून बस धरली… त्याला आता दोन महिने होऊन गेले.

हायवेच्या कडेला दुकान टाकणारे पप्पा आमच्या बौद्ध वस्तीतले पहिलेच. गावातले लोक यायचे. बिस्किटं, साबण, तेलाची पिशवी, जे काही कंपनीच्या बंद पाकिटात असेल ते न्यायचे. डाळ, पीठ, साखर घ्यायला मात्र तेच लोक चार दुकानं पुढं जायचे. सुटा माल घ्यायची ती फक्त आमची वस्ती. यावर कुणी कधी काही बोललं नाही आणि पप्पांनीही कुणाला विचारलं नाही. तूरडाळीचा पत्र्याचा डबा मात्र ते अगदी समोर ठेवायचे, रोज सकाळी पुसायचे. याच दुकानावर त्यांनी मला बीडच्या इंग्रजी शाळेत घातलं. डबा समोर का असतो हे मला खूप उशिरा कळलं, कुणी न सांगता.

मग एकदा सरकारी माणूस आला. महागाईचा आकडा काढण्यासाठी दर महिन्याला ठरलेल्या दुकानांतून भाव नोंदवून नेणं हे त्याचं काम. दुकान तेच, वस्तू तीच, प्रतही तीच, म्हणजे जो फरक दिसेल तो भावातलाच. आमचं दुकान त्यानं धरलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तूरडाळ, सुटी, काय भाव?" त्या दिवशी जेवताना पप्पा आईला म्हणाले, "आपल्या सुट्या डाळीचा भाव दिल्लीला जातो म्हनं." आई म्हणाली, "भावच जातो ना? डाळ इथंच हाय." पप्पा लई हसले होते.

पुढं बीडला मोठाली दुकानं झाली. वस्तीतली पोरं मोटारसायकलवर महिन्याचा बाजार आणू लागली आणि डब्याकडं कुणी फिरकेना. भाव न्यायला येणाऱ्या त्या साहेबांचा नियम असा, की वस्तू खरोखर विकली जात असेल तरच तिचा भाव धरायचा. विक्री थांबली तर दुसरं दुकान बघायचं. पप्पांना खोटं सांगता यायचं नाही आणि यादीतून निघणंही सोसणार नव्हतं. एकदा सुट्टीत घरी असताना पाहिलं, आई पिशवी घेऊन पुढच्या बाजूनं दुकानात आली आणि गिऱ्हाइकासारखी उभी राहिली.

"शेठ, अर्धा किलो डाळ. जरा सढळ तोला."

"उधारी बंद हाय, बाई."

आईनं पैसे दिले, पप्पांनी ते गल्ल्यात टाकले. मला हसू आलं. ते म्हणाले, "कावून हसतीस? विक्री झाली पायजे, मंग भाव खरा." ही विक्री नव्हे, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं… पण साहेबांची तारीख जवळ आली की घरातलं वरण दर महिन्याला असं विकत घेतलेलं असायचं.

आईचा फोन आला त्या दिवशी सकाळपासून पप्पांच्या छातीत दुखत होतं. आई म्हणत राहिली, बीडला दवाखान्यात चला. ते म्हणाले, "आज साहेबाचा दिस हाय. भाव सांगून जाऊ." साहेब दुपारी आले. पप्पांनी सगळे भाव बसून सांगितले. एरवी ते उभं राहून सांगायचे, म्हणून आई घाबरली. साहेब गेल्यावर तिनं शटर ओढलं, शेजाऱ्यांची गाडी केली. बीडच्या वाटेवर, पाली यायच्या आत ते गेले. त्या महिन्याच्या आकड्यात त्यांचे भाव आहेत.

पुढच्या महिन्यात साहेब आले ते घरीच. आईनं दिलेला चहा त्यांनी संपवला. मग म्हणाले, "वहिनी, दुकान चालवणार का?" आईनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. "मग मला दुसरं धरावं लागेल," ते हळूच म्हणाले. त्यांनी धरलं ते चार दुकानं पुढचं. दुकान बदललं तरी आकड्याला धक्का बसू नये, अशी म्हणे त्यांची पद्धत असते. ती योग्यच असणार. पेपरात आकडा आला तेव्हा मी बातमी दोनदा वाचली. सरळ आकडा होता, दुकान बदलल्याचा धक्का त्यात कुठंच नव्हता.

डब्यात अजून थोडी डाळ आहे. परवा आई मागच्या दारानं दुकानात गेली, तिच्यामागं मी. शटर खालीच होतं. तिनं डाळ तोलली, पदराच्या गाठीतले पैसे काढून गल्ल्यात टाकले.

"आई, आता भाव कुणाला सांगायचाय?"

"म्हनून फुकट न्यायची व्हय? दुकान हाय ते."

मग तिनं फडकं घेतलं आणि डबा पुसला.