गासच्या रस्त्यावरची नळी

सत्तरचं दशक संपत आलं होतं, नाताळ तोंडावर होता. नालासोपाऱ्याला उतरून मी गास गावाला जायला टांगा केला. खड्डे आमच्या नाशिकलाही होते. पण इथे खड्ड्यांमधून अधूनमधून रस्ता दिसत होता.

वेशीपाशी माझे यजमान फिलिपकाका, वडिलांचे जुने स्नेही, भर रस्त्यात कुदळ मारत होते. रस्त्यावर एक काळी रबरी नळी आडवी पडली होती. काकांनी चर खणून ती आत निजवली आणि वर सुपारीचं चिरलेलं खोड ठेवलं.

"कोणाचा पाइप?" मी विचारलं.

"ठाऊक नाय. पण गाडीखाली फुटला तर बिचाऱ्याची केळी सुकतील."

दुपारी बावखलाच्या (बागेतल्या तळ्याच्या) काठी बोंबलाचं कालवण आणि पाव खाल्ला. काकांची लेक टेरेजा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच जन्मलं आणि गेलं. सांगताना काकांना हुंदका आवरेना.

"आता डांबर पडणार. मुंबईहून यंत्र येतंय, आपोआप गाड्या मोजणारं. हिच्या वेळेला नाय, तरी पुढच्या पोरींना उपयोग होईल."

विज्ञान गासपर्यंत पोचणार म्हणून मीही हरखलो.

दोन दिवसांनी जीपमधून बांधकाम खात्याचे साहेब आले. नळीच्या टोकाची पेटी, जी काकांना पंपाची वाटली होती, ती त्यांनी उघडली.

"शून्य! या नळीवर एकही चाक दाबलं गेलेलं नाही. इथे वाहतूकच नाही. डांबर कोणासाठी?"

तेवढ्यात केळ्यांनी भरलेली बैलगाडी त्या खोडावरून सुखरूप गेली.

"अहो, ही काय गेली?" काका म्हणाले.

"यंत्र खोटं बोलत नाही."

नळी गुंडाळून जीप धक्के खात निघून गेली. काकांनी ते खोड उचलून बाजूला टाकलं. "मीच माझ्या हातानं रस्ता पुरला."

मी निघालो त्याच सकाळी टेरेजाला कळा सुरू झाल्या. आम्ही सगळे एकाच टांग्यात. वाटेत पुन्हा एक नळी आडवी! टांगेवाल्याने काकांकडे पाहिलं. माझं डोकं फिरलं.

"घाला वरून!" मी ओरडलो.

"नको," टेरेजा कण्हत म्हणाली. "बाग असेल कोणाची तरी."

काका उतरले आणि चाकाखाली येणारी नळी त्यांनी खड्ड्यांत नीट बसवली. खड्डे शोधावे लागले नाहीत. टांगा हळूच पलीकडे गेला. दवाखाना वेळेवर गाठला, मुलगी झाली.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "रस्ता कसा होता?"

म्हटलं, "काय सांगू? सरकारी हिशेबाने त्या रस्त्यावरून मी गेलोच नाही."