पान चौदावरची आत्या

बाळांनो, तुम्हाला पाठवलेल्या अल्बमच्या प्रतीतलं पान चौदा काढा. इरकली लुगडं नेसून खुर्चीत बसलेल्या बाईच्या फोटोखाली मी ‘माझी आत्या’ असं लिहिलं आहे. ते खोडा. तो माझा मोठा भाऊ आहे. मला आत्या नव्हतीच.

आमचं गाव इस्लामपूरजवळचं. जत्रेला गावातलेच लोक नाटक बसवत. बायका नाटकात काम करत नसत, म्हणून नायिका दादा व्हायचा. आठ दिवस आधी तो मिशी काढायचा आणि आईचं लुगडं नेसून परसात चालायचा सराव करायचा. आई उंबऱ्यात बसून सांगायची, “पाय आपटू नगंस. डोईवर घागर हाय समज.” वडील पलटणीतून निवृत्त झालेले. तेवढे आठ दिवस ते दादाशी बोलत नसत, पण नाटकाला पुढच्या रांगेत असत. दादा रडू लागला की गावच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

मी सांगलीला कॉलेजात इंग्रजी विषय घेतला होता. पूर्वी इंग्रजी नाटकांतही नायिकेचं काम पुरुषच करत, यावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली आणि चांगले गुण मिळवले. घरच्या नायिकेची मात्र मला लाज वाटायची.

साताऱ्याहून तुमच्या आजोबांकडची मंडळी मला पाहायला आली, त्या दिवशी हा फोटो भिंतीवरून काढायचा राहून गेला. सासूबाईंचं लक्ष नेमकं तिथेच गेलं.

“या कोण? नाकीडोळी किती नीटस आहेत!”

“माझी आत्या,” मी म्हणाले. “वारली.”

चहाचा ट्रे घेऊन दादा दारातच उभा होता. त्याने ट्रे खाली ठेवला, कप सरळ केले आणि म्हणाला, “व्हय. लय गुणाची हुती.”

लग्न ठरलं, झालं. पुढच्या जत्रेला दादाने मिशी काढलीच नाही. त्याचे दोस्त दारात येऊन ओरडले, “गड्या, न्हावी बोलवू का? नायिकेबिगर नाटक हुतंय व्हय रं?”

“नायिका वारली की रं,” दादा म्हणाला.

आईने मला हे हसत हसत सांगितलं. तिला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं. मी तेव्हाच दादाची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी तो फोटो मागून साताऱ्याला आणला आणि पुढे अल्बम लावताना तेच खोटं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. तुमचे आजोबा गेले, त्यांनाही खरं कधी कळलं नाही.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. “वन्सं, ह्यास्नी आता माणसं वळखू येत न्हाईत. एकदा येऊन जावा.” मी मूळ फोटो पाकिटात घातला आणि निघाले. दादा आहे तोवर मला माफी मागायची होती.

खोलीत शिरले आणि थबकले. भरवताना खरकटं लागतं म्हणून वहिनींनी त्याची मिशी काढवून घेतली होती. पन्नास वर्षांत मी त्याचा वरचा ओठ पाहिला नव्हता. गाल बसले होते, पण चेहरा फोटोतलाच होता.

मी फोटो त्याच्या हातात दिला. “दादा, ही कोण, सांग बघू?”

त्याने बराच वेळ पाहिलं. अंगठ्याने लुगड्याचा काठ पुसला.

“आत्या,” तो म्हणाला. “वारली. लय गुणाची हुती.”

“नाही रे दादा. हा तू आहेस. मी खोटं बोलले होते त्या दिवशी.”

त्याने घाबरून दाराकडे पाहिलं. मग माझं मनगट धरून मला जवळ ओढलं.

“हळू बोल, बाय,” तो म्हणाला. “भाईर पावणं बसल्यात.”